लो केलेली व्हॅन पुन्हा पुन्हा का घासते, आणि सस्पेन्शन निवडताना काय मोजावे

मारुतीची ईको किंवा जुनी ओम्नी व्हॅन लो करून घेतली, म्हणजे तिची उंची कमी केली, की तक्रारींचा एक ठरावीक क्रम सुरू होतो. सुरुवातीला गाडी रस्त्याला चिकटून चालल्याचे समाधान असते. मग गावाच्या वेशीवरच्या गतिरोधकावर सायलेन्सर घासतो आणि तो वर बांधून घेतला जातो. पुढे माणसे भरली की मागून ‘धाड’ असा आवाज येऊ लागतो, म्हणून शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळकांडी) बदलले जातात. नवे शॉकअप काही महिन्यांत तेल सोडतात, आणि तोवर पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झालेली असते. दर वेळी खराब झालेला भाग बदलला जातो आणि दर वेळी तीच तक्रार नव्या भागासह परत येते. यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यात, जिथे एकच गाडी सकाळी सिमेंटच्या महामार्गावर आणि संध्याकाळी शेताच्या पांदण रस्त्यावर असते, तिथे हा क्रम फार लवकर पूर्ण होतो.

या सगळ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. गाडी किती खाली घ्यायची हे रिकाम्या गाडीकडे पाहून ठरवलेले असते. भरलेल्या गाडीत चाकाला वर जाण्यासाठी किती जागा उरते, हे कोणी मोजलेले नसते. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या चाकाला रबरी स्टॉपरवर आदळेपर्यंत वर जायला ९० मिमी जागा आहे आणि माणसे व सामान भरल्यावर गाडी मागून ५० मिमी बसते. म्हणजे खड्ड्याचा धक्का जिरवायला ४० मिमी उरले. आता याच गाडीला ४० मिमी कमी उंचीच्या, पण मूळच्याइतक्याच ताठ स्प्रिंगा बसवल्या, तर भरलेली गाडी उभी असतानाच स्टॉपरवर टेकलेली असेल, आणि प्रत्येक खड्डा स्प्रिंगऐवजी थेट चासीला बसेल. शॉकअप कितीही महागाचे आणले तरी या हिशेबात फरक पडत नाही.

स्प्रिंग ताठ केली की भागेल, असे यावर सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते; त्यामुळे तोच धक्का अर्ध्या जागेत जिरवायचा असेल तर स्प्रिंग दुप्पट ताठ करून पुरत नाही, चौपट लागते. चौपट ताठ स्प्रिंगवर रिकामी ईको चालवून पाहिलेला माणूस ती दुसऱ्यांदा चालवायला मागत नाही.

आधी मोजा, मग निवडा

मोजमापासाठी सपाट जागा हवी. बाजार समितीच्या आवारातले काँक्रीट किंवा पेट्रोल पंपाचा सपाट भाग चालतो. अंगण चालत नाही. टायरमधली हवा गाडीवरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे करून घ्यावी. त्यानंतर चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर चारही चाकांशी टेपने मोजावे. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजण्याचे कारण असे की, टायर झिजलेला किंवा वेगळ्या मापाचा असला तरी हे अंतर बदलत नाही. हीच मापे गाडीत नेहमीची माणसे आणि नेहमीचे सामान ठेवून पुन्हा घ्यावीत. दोन मापांतला फरक म्हणजे गाडीचे बसणे. डावी आणि उजवी बाजू यांत ठळक फरक दिसला, तर लो करण्याचा विचार बाजूला ठेवून आधी थकलेली स्प्रिंग किंवा तुटलेला पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) शोधावा.

चाक प्रत्यक्षात किती वर जाते हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचे रबरी आवरण वर सरकवावे, दांडा पुसावा आणि त्यावर शॉकअपच्या नळीला टेकेल असा एक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधावा. मग गाडी नेहमीच्या भाराने नेहमीच्या रस्त्यावरून नेऊन आणावी. शॉकअप दबताना नळी त्या टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. परत आल्यावर टाय आणि वरचा रबरी स्टॉपर यांच्यामध्ये जे अंतर दिसते, तेवढीच जागा शिल्लक आहे. टाय स्टॉपरमध्ये घुसून चेपलेला असेल, तर शिल्लक काही नाही आणि गाडी आहे त्या उंचीवरही अपुरी पडते आहे. ईकोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्याने तिथे टायशिवायही अंदाज येतो: चासीखालच्या रबरी स्टॉपरकडे विजेरी धरून पाहावे. सगळीकडे काळ्या मातीची धूळ बसलेली असताना स्टॉपरचे तोंड तेवढे पुसल्यासारखे काळेभोर आणि चकचकीत असेल, तर ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) तिथे नियमित आदळतो आहे.

तळाची जागा मोजण्यासाठी कणकेचे गोळे उत्तम. सायलेन्सरची क्लिप, आडवा क्रॉस मेंबर आणि इंजिनाच्या खालची बाजू अशा सर्वांत खाली आलेल्या ठिकाणी दोन-अडीच इंच जाडीचे घट्ट कणकेचे गोळे चिकटवावेत आणि त्रास देणारा गतिरोधक सावकाश ओलांडावा. गोळा दबून जेवढा जाड उरला, तेवढी जागा त्या भागाखाली आहे. गोळा पूर्ण पुसला गेला तर उत्तर स्पष्टच आहे.

गतिरोधकाची उंची आणि रुंदी

घासण्याच्या तक्रारीत सगळे उंचीबद्दल बोलतात; रुंदीकडे कोणी पाहत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतील गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ईकोच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २,३५० मिमी आहे, म्हणजे अशा गतिरोधकावर अख्खी गाडी चढून उभी राहते आणि चारही चाके त्या उंचवट्यावरच असतात. भूमितीचा हिशेब केला तर दोन ॲक्सलच्या बरोबर मध्ये हा उंचवटा गाडीच्या पोटाकडे फक्त ४० मिमीच्या आसपास वर येतो. ओम्नीच्या चाकांतले अंतर १,८४० मिमी असल्यामुळे तिच्या बाबतीत तो २५ मिमीच भरतो. माहितीपत्रकात ईकोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १६० मिमी आणि ओम्नीचा १६५ मिमी दिलेला आहे. नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकावरून चांगली लो केलेली व्हॅनही सावकाश गेल्यास घासण्याचे कारण नाही.

गावातला गतिरोधक मात्र असा नसतो. एखादा अपघात झाला की गावकरी उरलेल्या काँक्रीटचा किंवा डांबराचा हातभर रुंदीचा आडवा बांध रस्त्यावर घालतात. त्यामागची काळजी रास्त आहे, पण असा बांध पुढची चाके उतरल्यावर संपूर्णपणे दोन ॲक्सलच्या मध्ये येतो आणि त्याची सगळी उंची पोटाखाली मोजली जाते. १६० मिमीमधून लो करण्याचे ४० आणि भाराने बसण्याचे ४० वजा केले की ८० उरतात. असा बांध १०० मिमीचा असला तरी घासणारच. मग सायलेन्सर कितीही वर बांधा. गाडी ज्या गावांतून रोज जाते तिथल्या दोन-तीन सर्वांत वाईट गतिरोधकांची उंची आणि रुंदी टेपने घेऊन ठेवावी. लोअरिंग किटची निवड त्या आकड्यांवरून करायची असते.

पांदण रस्त्याचे गणित आणखी निराळे आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा कच्चा रस्ता वर्षभर एका पातळीत राहत नाही. श्रावण-भाद्रपदात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर दगडासारख्या कडक होतात, आणि नेमकी तेव्हाच कापूस वेचणीची माणसे ने-आण करण्यासाठी व्हॅन शेतापर्यंत जाऊ लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांतले अंतर सहसा व्हॅनपेक्षा जास्त असल्याने व्हॅनचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे मधल्या उंचवट्यावर चालते. गाडी एका अंगावर कलंडते आणि खाली गेलेल्या बाजूचा सगळा भार एकाच स्प्रिंगवर येतो. पावसाळ्यात याच्या उलट अडचण होते. चिकट माती टायरला थापून मडगार्डच्या आत साठते, आणि जिथे मुळात चार बोटे जागा होती तिथे लो केल्यावर दोनच उरली असतील, तर माती टायरला घासून चाक जवळपास जखडते. टायर आणि मडगार्ड यांच्यातली ही फट बाहेरून दिसायला बरी नाही म्हणून ती बुजवणे हाच पुष्कळदा लो करण्याचा खरा हेतू असतो. आमच्याकडच्या मातीत ती फट कामाची आहे.

लो करूनही गाडी डोलतेच, असे का होते

समृद्धी महामार्गावर किंवा हिंगणघाट–पांढरकवडा भागात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वेगाने जाताना, विशेषतः ट्रक ओलांडताना, व्हॅन हेलकावते, म्हणून ती लो करावी, अशी मागणी घेऊन येणारे मालक पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार लो केल्यावरही जात नाही आणि मग किटला दोष दिला जातो. याची दोन कारणे आहेत.

पहिले साध्या आकड्यांत मांडता येते. माणसांसह १,२०० किलोच्या व्हॅनचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमीवर धरला, तर ३० मिमी लो करण्याने तो पाच टक्केसुद्धा खाली येत नाही. आता त्याच व्हॅनच्या टपावरच्या कॅरिअरवर ६० किलो सामान १,९०० मिमी उंचीवर बांधले, तर एकत्रित गुरुत्वमध्य जवळपास ६० मिमी वर सरकतो. टपावरचे सामान खाली आणून सीटच्या मागे ठेवल्याने जेवढा स्थैर्याचा फायदा होतो, तेवढा ३० मिमीच्या लोअरिंग स्प्रिंगा दोनदा बसवूनही मिळत नाही, आणि त्यासाठी खर्चही काही नाही.

दुसरे कारण पुढच्या चाकांच्या रचनेत आहे. ओम्नी आणि ईको या दोन्हींच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग व शॉकअप एकाच उभ्या खांबात आणि खाली चाकाला बॉडीशी जोडणारा आर्म. या रचनेत खालचा आर्म साधारण आडवा असताना गाडी वळणावर जितकी कलते, त्यापेक्षा तो आर्म बाहेरच्या टोकाला वर उचललेला असताना अधिक कलू पाहते. कारण गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडीच्या बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो आणि गुरुत्वमध्य व तो बिंदू यांच्यातले अंतर वाढते. म्हणजे फार लो केलेली आणि मूळच्याच ताठरपणाच्या स्प्रिंगांवरची व्हॅन वळणावर मूळ गाडीपेक्षा जास्त झुकू शकते. आर्मची बाहेरची बाजू वर उचललेली दिसू लागली, की त्यापुढे खाली जाण्यात चालवण्याच्या दृष्टीने काही मिळवायचे उरत नाही. चाके जमिनीवर असताना बाजूने वाकून पाहिले तरी हे डोळ्यांना दिसते.

म्हणून तक्रार डोलण्याची असेल तर आधी टायरची हवा पाहावी, कारण उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने ती मुद्दाम कमी ठेवण्याची चुकीची सवय आपल्याकडे घट्ट आहे; हवा कमी असलेला टायर उलट जास्त तापतो. त्यानंतर शॉकअप, लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर), स्ट्रटचे वरचे माउंट आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश तपासावेत. विदर्भात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेत रबर कडक होऊन चिरते आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर धुळीखाली ती चीर दिसत नाही. टॉमी (लहान पहार) लावून आर्म हलवावा. बुश फाटलेला असेल तर चीर उघडते. हे सगळे भाग मूळ मापाचे आणि नवे बसवल्यावर गाडी लो करण्याची गरज अनेकांना वाटेनाशी होते, असा माझा अनुभव आहे.

टायरची आतली कड जाणे

लो केल्यावर पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असण्याचे माप, हलतो. टायर खाण्याचे मोठे काम टो करतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, त्याला साथ देतो. अशा साध्या गाड्यांत अलाइनमेंटवाल्याच्या हातात मुख्यतः टोच असतो, त्यामुळे गाडी माफक लो केलेली असेल तर टो जुळवून काम भागते. फार लो केलेली असेल तर छापील कागदावर सगळे आकडे हिरवे दिसूनही टायर जातच राहतो, कारण टो यंत्रावर गाडी उभी असतानाचा मोजलेला असतो आणि टाय रॉड तिरका झालेल्या गाडीत तो प्रत्येक खड्ड्यागणिक बदलत असतो. खड्ड्यावर स्टिअरिंग हाताला आपोआप ओढ देत असेल, तर हेच चालले आहे असे समजावे. यावर टायर उलटसुलट करून फक्त वेळ मिळतो. उंची वाढवल्याशिवाय तक्रार जात नाही.

मागची बाजू

ओम्नीला मागे पाटे आहेत आणि ईकोला कॉइल स्प्रिंग, म्हणून दोन्हींचे उपाय एकमेकींना लागू पडत नाहीत. पाट्याच्या गाडीत कमान कमी करून घेणे, म्हणजे पाटे सरळ करणे, ही पद्धत जुनी आहे. ते काम पाटे बनवणाऱ्याकडे, पुन्हा योग्य तापमानाला पाणी देऊन झाले तर टिकते; घणाने ठोकून किंवा गॅसने तापवून केले तर पाटा लवकर बसतो किंवा तुटतो. ॲक्सल आणि पाटा यांच्यात लोखंडी ठोकळा टाकण्याची पद्धतही आहे, पण ठोकळ्याने गाडी खाली येते ती पाटे ॲक्सलच्या खालून जात असतील तरच. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर त्याच ठोकळ्याने गाडी उंच होते. हे सांगण्याची वेळ येते, याचे कारण ठोकळे विकणारा गाडीखाली वाकून पाहतोच असे नाही. ॲक्सल आणि पाटा आवळणारे यू बोल्ट नवे आणि योग्य लांबीचे घ्यावेत; जुने, एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

ईकोच्या मागे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा रॉड असतो. त्याचे एक टोक बॉडीला आणि दुसरे ॲक्सलला असल्यामुळे गाडी खाली आली की ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. एकाच बाजूचा मागचा टायर मडगार्डला घासतो आणि दुसऱ्या बाजूला भरपूर जागा आहे, अशी तक्रार असेल तर कारण हेच असण्याचा संभव मोठा आहे. त्यासाठी मडगार्ड ठोकून आत वळवणे हा उपाय नव्हे. दोन्ही गाड्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या असल्याने ॲक्सलची उंची बदलली की इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. ठरावीक वेगाला सीटखाली घरघर सुरू झाली आणि शाफ्टचे क्रॉस (सांधे) नवे टाकूनही ती गेली नाही, तर क्रॉस नव्हे, कोन तपासावा. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह ॲक्सलला दांड्याने जोडलेला आहे, त्यांत गाडी खाली आणल्यावर तो व्हॉल्व्ह रिकाम्या गाडीलाही भरलेली समजतो आणि मागची चाके लवकर जखडतात. पहिल्या पावसात हे फार महागात पडते, म्हणून त्या दांड्याचे माप नव्याने जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

काय घ्यावे, काय घेऊ नये

स्प्रिंगचा वेढा कापणे हा तालुक्याच्या ठिकाणी सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित मार्ग आहे. सहा कार्यरत वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला तर उरलेली स्प्रिंग २० टक्के ताठ होते, इथपर्यंत ठीक. अडचण टोकाची आहे. कारखान्यातून आलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीत बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही, एका बिंदूवर टेकते आणि तिथूनच पुढे तडा जातो. शिवाय आखूड झालेली स्प्रिंग चाक लोंबकळल्यावर मोकळी सुटते. खड्ड्यात चाक उतरताना स्प्रिंग बैठकीतून हलते, चाक वर येताना तिरकी बसते आणि ‘टक्क’ असा आवाज येतो. हा आवाज बॉल जॉइंटचा समजून बॉल जॉइंट बदलले जातात. खात्री करायची असेल तर गाडी जॅकने उचलून चासी घोडीवर टेकवावी, चाक पूर्ण लोंबकळू द्यावे आणि मागच्या स्प्रिंगला हाताने फिरवून पाहावे. ती फिरली किंवा खडखडली तर ती स्प्रिंग त्या गाडीसाठी आखूड आहे, मग ती कापलेली असो वा नावाजलेल्या किटमधली.

गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ‘बसवून’ घेणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. तापलेल्या भागातला पोलादाचा ताठरपणा टिकवणारा गुण निघून जातो, आणि ती स्प्रिंग आज हवी तेवढी बसली तरी पुढेही बसतच राहते.

उंची कमी-जास्त करता येणारे थ्रेडचे कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेला जोड) शहरातल्या गाडीला शोभतात. काळ्या मातीत त्यांचे आटे बुजतात, गंजतात आणि वर्षभरात रिंग फिरत नाही. मग ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच उरत नाही. लहान टायर लावून गाडी खाली आणणे हा निवडीचा प्रकारच मानू नये, कारण त्याने टायरची भार वाहण्याची क्षमता कमी होते आणि ॲक्सलखालची जागाही जाते, जी स्प्रिंग बदलल्याने जात नाही.

राहिला मार्ग म्हणजे गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेल्या, भार वाढेल तशा ताठ होत जाणाऱ्या आखूड स्प्रिंगा, आणि त्यांच्याशी जुळणारे कमी लांबीचे शॉकअप. दोन्ही एकत्र घ्यावेत. ताठ स्प्रिंगला मूळचा शॉकअप आवरू शकत नाही. गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळत राहते आणि शॉकअप लवकर तेल सोडतो. आपल्या रस्त्यांसाठी २० ते २५ मिमी ही माझ्या मते वरची मर्यादा आहे, आणि तीही अशा गाडीसाठी जी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर चार-पाच माणसांना घेऊन चालते. शाळेची मुले नेणारी, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचे क्रेट वाहणारी, मंडप किंवा साउंडचे सामान नेणारी किंवा मागे सीएनजीची टाकी असलेली व्हॅन लो करूच नये. त्या गाड्या मागून आधीच बसलेल्या असतात. त्यांना मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगांची गरज असते, आणि पुष्कळदा ‘मागून घासते’ ही तक्रार घेऊन आलेली गाडी लो केलेली नसून फक्त थकलेली असते.

घरात वयस्कर माणूस आहे, चढायला त्रास होतो, म्हणून गाडी खाली घ्यायची आहे, असेही कोणी सांगते. २५ मिमीने पायरीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दाराशी बसवलेली जादा पायरी आणि वर धरायला मजबूत कडी यांनी ते काम नीट होते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदेशीर बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर कापलेली स्प्रिंग सर्व्हेअरच्या नजरेला पडली, तर दाव्यावर वाद उभा राहतो; आणि प्रवासी परवान्याच्या गाडीला पासिंगच्या वेळी हाच प्रश्न येतो.

बसवताना

स्ट्रटची वरची नट स्प्रिंग कम्प्रेसर लावल्याशिवाय उघडू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते. त्यानंतर एक गोष्ट अशी आहे, जिच्यामुळे नवे बुश पुन्हा पुन्हा फाटतात आणि दोष मात्र बुशच्या दर्जाला दिला जातो. आर्मचे बोल्ट बहुतेक ठिकाणी गाडी वर टांगलेली आणि चाके लोंबकळत असतानाच पूर्ण कसले जातात. रबरी बुशची आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते. गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो, आणि लो केलेल्या गाडीत तो पीळ आणखी मोठा असतो. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, नेहमीच्या दोन-तीन माणसांना आत बसवावे आणि मगच अंतिम कसणी करावी. मागच्या आडव्या रॉडला आणि ट्रेलिंग आर्मलाही हाच नियम आहे.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही दिवसांत थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट लगेच न करता त्यानंतर करावी. त्याच वेळी यू बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत, मडगार्डची मापे नव्याने घ्यावीत आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून जुळवावा. काढलेल्या मूळ स्प्रिंगांवर डावी-उजवी लिहून त्या तेल पुसून ठेवाव्यात. पासिंगच्या वेळी, गाडी विकताना किंवा पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला लागण्याआधी त्या परत बसवण्याची वेळ येऊ शकते, आणि त्या मूळ जोडीला नंतर बाजारात तोड मिळत नाही.